स्वस्त रिव्हॉल्व्हरचा जड चाप

सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्याच्या लष्करी कोठारांतला जुना माल जगभरच्या बाजारांत उतरला. त्यात नागाँ १८९५ या नावाचे सात गोळ्यांचे एक रिव्हॉल्व्हर होते. अमेरिकेत ते बरीच वर्षे शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळत असे, आणि त्यासोबत कमरेला लावायचे म्यान, नळी साफ करायची सळई आणि एक छोटा पेचकसही येई. नव्या कोऱ्या साध्या रिव्हॉल्व्हरला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. त्यामुळे कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा छंद असलेल्या हजारो लोकांच्या घरी ते पोचले, आणि पोचताच त्याच्याविषयी दोन तक्रारी सुरू झाल्या. एक, चाप इतका जड की सात गोळ्यांत बोट दुखायला लागते. दोन, गोळी नेमावर बसत नाही. या दोन तक्रारी जोडून एक सोपा निष्कर्षही निघाला: चाप हलका केला की नेम आपोआप सुधारेल. कानस, पॉलिशचा कागद आणि स्प्रिंग यांच्या साहाय्याने घरच्या घरी हत्यार ‘सुधारण्या’ची हौस इथूनच आली. मला हा निष्कर्ष अर्धाच खरा वाटतो. नागाँचा चाप कुणा कारागिराच्या हयगयीमुळे जड झालेला नाही. जाणूनबुजून निवडलेल्या एका रचनेची ती किंमत आहे. आणि नेमाला उपयोगी पडणारा या हत्याराचा सर्वांत मोठा गुण त्याच रचनेत दडलेला आहे. म्हणून सुधारणेची सुरुवात चापाच्या पोलादापासून करणे म्हणजे काम उलट्या टोकाने हाती घेणे.

हे समजण्यासाठी रशियन सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काय मागितले होते ते पाहावे लागते. तेव्हा रशियाकडे स्मिथ अँड वेसन नमुन्याची मोठ्या व्यासाची, वजनदार रिव्हॉल्व्हरे होती. नवी मोसिन रायफल १८९१ मध्ये स्वीकारल्यावर तिच्याच ७.६२ मिलिमीटर व्यासाचे रिव्हॉल्व्हर हवे असे ठरले. व्यास एकच असला की रायफलच्या नाकारलेल्या नळ्यांचे तुकडे रिव्हॉल्व्हरला वापरता येतील, हा त्यामागचा काटकसरी विचार होता. गोळीने पन्नास पावलांवर घोडा थांबवला पाहिजे, अशीही अट होती. घोडदळाच्या काळातली अट ती, तेव्हा घोड्याचाच विचार आधी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी अट वेगळीच आहे. चाप दाबताच रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा भाग, आपोआप मागे चढून सुटेल अशी यंत्रणा नको, कारण तिचा नेमावर वाईट परिणाम होतो, असे मागणीतच म्हटले होते. ज्या दोषाबद्दल आजचा ग्राहक कपाळावर हात मारतो, तो हत्यार जन्मण्याआधीच लष्करी कागदावर नोंदलेला होता. बेल्जियममधल्या लिएज शहराचा लिओं नागाँ हा शस्त्रनिर्माता या स्पर्धेत यशस्वी झाला आणि १८९५ मध्ये त्याचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. पहिली वीस हजार लिएजला बनली. पुढे काम रशियातल्या तुला शहरातल्या कारखान्यात गेले. चाचण्यांच्या वेळी अधिकाऱ्यांना आपोआप चढणारी यंत्रणा हवीशी वाटली आणि सैन्याने मधला मार्ग काढला. अधिकाऱ्यांसाठी दोन्ही रीतींनी चालणारे रिव्हॉल्व्हर, आणि शिपायांसाठी दरवेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारे. यात गोळ्या वाचवण्याचा हिशेब होता आणि शिपायावरचा अविश्वासही होता. क्रांतीनंतर सोव्हिएत सत्तेने हा वर्गभेद मोडला, तो अधिकाऱ्यांचा जड चाप सगळ्यांच्या हाती देऊन.

आता यंत्राकडे वळू. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे ठेवायचे सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते. साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरची. सिलिंडर मोकळे फिरावे म्हणून ती ठेवावीच लागते. गोळी सुटताना त्या फटीतून थोडा गरम वायू बाजूला निसटतो. नागाँमध्ये ही फट बुजवली आहे. घोडा चढू लागला की सिलिंडर आधी फिरते आणि मग सबंध सिलिंडरच पुढे सरकून नळीच्या मागच्या टोकावर बसते. त्याचे काडतूसही खास आहे. त्यात गोळी पितळी आवरणाच्या पूर्ण आत बुडालेली असते आणि आवरणाचे निमुळते तोंड सिलिंडरच्या बाहेर डोकावते. सिलिंडर पुढे गेले की ते तोंड नळीत शिरते, आणि बार उडाल्यावर पितळ फुलून सांधा घट्ट बंद होतो. लिएजच्याच आंरी पीपर याने अशी कल्पना आधी राबवली होती. नागाँने ती सैन्याला चालेल इतकी पक्की केली. हे सगळे घडवून आणते ते एकटे बोट. चाप दाबला की एक खिट्टी सिलिंडर फिरवते आणि त्याला पुढे रेटते. तेव्हा सिलिंडर त्याला मागे ठेवू पाहणाऱ्या स्प्रिंगच्या विरुद्ध जात असते. त्याच वेळी एक सरकपट्टी वर चढते आणि काडतुसाच्या बुडाला आधार देणारा पोलादी ठोकळा पुढे झुकवते, म्हणजे बार उडताना काडतूस मागे सरकणार नाही. आणि हे चालू असतानाच घोडाही मागे चढतो. घोड्याला आणि चापाला ताण देणारी स्प्रिंगही एकच, चिमट्याच्या आकाराची. तिचे एक पान घोड्यावर दाब देते तर दुसरे चाप मागे परतवते. दुसऱ्या एखाद्या रिव्हॉल्व्हरमध्ये बोटाला दोन कामे असतात, इथे चार-पाच आहेत. म्हणून निव्वळ चाप ओढून गोळी झाडायची तर नऊ-दहा किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. प्रत्येक नगात तो थोडा कमीजास्त असतो, पण हलका म्हणावा असा सहसा सापडत नाही.

नेम लागत नाही ही तक्रार मात्र सरसकट स्वीकारण्याआधी तिचे दोन भाग करायला हवेत. हत्यार पक्क्या शिकंज्यात आवळून, माणसाचा हात बाजूला ठेवून गोळ्या झाडल्या तर त्या जेवढ्या वर्तुळात बसतील तो हत्याराचा स्वतःचा नेम. आणि तेच हत्यार हातात धरून झाडल्यावर जे वर्तुळ पडते त्यात माणसाची भर असते. चापाचा जडपणा पहिल्या वर्तुळाला हातही लावत नाही. शिकंज्यातल्या रिव्हॉल्व्हरला चाप किती जड आहे याची पर्वा नसते. बिघाड सगळा दुसऱ्या वर्तुळात होतो, आणि तो किती होऊ शकतो हे साध्या गणिताने कळते. नागाँचे वजन सुमारे आठशे ग्रॅम. त्याच्या चापावर बोट त्या वजनाच्या दहा-बारा पट जोर लावते. हा जोर अगदी सरळ मागे गेला तर ठीक, पण बोट तिरके वळते, मूठ आवळते, मनगट खाली झुकते. पुढच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांच्यामधले अंतर सोळा सेंटिमीटर धरले तर माशी खाचेच्या तुलनेत एक मिलिमीटर जरी सरकली तरी पंचवीस मीटरवर गोळी पंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरलेला नेम पांढऱ्या कागदावर जायला एवढे पुरते. म्हणजे तक्रार खोटी नाही. फक्त तिने आरोपी चुकीचा पकडला आहे. नळी बहुधा निर्दोष असते. हलतो तो हात.

आणि नळीच काय, सिलिंडर आणि नळी यांची जुळणीही बहुधा निर्दोष असते. साध्या रिव्हॉल्व्हरचा नेम बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे सिलिंडरचे भोक आणि नळी एका रेषेत नसणे. फिरून थांबलेले सिलिंडर थोडे जरी डुलत असले तर गोळी नळीच्या तोंडाशी कडेला घासत शिरते, शिसे खरवडले जाते आणि गोळी वाकडी उडते. नागाँमध्ये पुढे सरकलेले सिलिंडर नळीच्या टोकाला कवेत घेते, आणि काडतुसाचे तोंड त्या सांध्यावर पुलासारखे आडवे पडते. म्हणून बार उडण्याच्या क्षणी भोक आणि नळी जबरदस्तीने एका रेषेत येतात. वायू निसटत नसल्यामुळे गोळीचा वेग सेकंदाला पंधरा ते पंचेचाळीस मीटरने वाढतो असे सांगतात. तो फायदा मला गौण वाटतो, कारण कागदाला भोक पाडायला वेगाची चणचण कधीच नव्हती. नेमबाजाला जुळणीचा फायदा जास्त मोलाचा आहे. पण त्यासाठी सिलिंडर शेवटपर्यंत पुढे गेले पाहिजे, मागचा ठोकळा नीट झुकला पाहिजे आणि घोड्याचा ठोका पुरेसा बसला पाहिजे. या तिन्हींना जोर लागतो, आणि तो जोर चापातूनच येतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही तर हरलेल्या रचनेची वकिली झाली. जगातल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांनी ती फट तशीच ठेवली आणि त्यांच्यातल्या चांगल्या नगांचा नेम नागाँपेक्षा सरसच आहे, तेव्हा ही वायुबंद यंत्रणा म्हणजे उगाच ओढवून घेतलेले ओझे नाही का? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावाच लागेल. उत्तम कारागिरीने बनवलेल्या साध्या रिव्हॉल्व्हरला या यंत्रणेची गरज नाही. ती फट मुळात एवढी लहान असते की तिच्यापायी वाया जाणारा वायू कुणाला खुपत नाही. नागाँच्या या गुणाचा खरा अनन्य उपयोग एकच झाला, आणि तो नेमबाजीचा नव्हता: फट नसल्यामुळे या रिव्हॉल्व्हरला आवाज दाबणारे नळकांडे लावता येई, आणि सोव्हिएत सैन्यात मितिन बंधूंनी बनवलेले ‘ब्रामित’ हे उपकरण त्यासाठी होते. पण इथे प्रश्न कोणती रचना श्रेष्ठ हा नाही. हाती आलेल्या, शंभर डॉलरला घेतलेल्या, आधीच बनलेल्या यंत्रातून जास्तीत जास्त काय मिळेल हा आहे. त्या यंत्रात ती रचना आहे. ती काढून टाकता येत नाही, फक्त बिघडवता येते.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी सर्वांत गंभीरपणे शोधले ते सोव्हिएत अभियंतेच होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये सेंटर-फायर पिस्तुलाचा एक प्रकार असतो, त्यात ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास चालतो. नागाँचे काडतूस त्या मर्यादेच्या बरोबर खालच्या कडेवर बसते, आणि कमी व्यासाचे काडतूस म्हणजे हाताला कमी धक्का. म्हणून १९६०च्या दशकात तुलाच्या कारखान्यातून तोझ-३६ हे स्पर्धेचे रिव्हॉल्व्हर आले, येफिम खायदुरोव्हच्या आराखड्याचे. त्यांनी काय ठेवले आणि काय टाकले, ते पाहण्यासारखे आहे. काडतूस नागाँचेच ठेवले. पुढे सरकून नळी बंद करणारे सिलिंडरही ठेवले. म्हणजे जुळणीचा फायदा त्यांना खरा वाटत होता. टाकली ती आपोआप चढणारी यंत्रणा. घोडा दरवेळी अंगठ्याने चढवायचा. मग चापाकडे उरते फक्त तयार ताण सोडून देण्याचे काम, आणि ते हलके व बारकाईने जुळवता येण्याजोगे करता येते. शिवाय मागची खाच सरकवता येईल अशी केली आणि मूठ हाताच्या घडणीनुसार लाकडात कोरली. पुढे तोझ-४९ मध्ये त्यांनी आखूड काडतूस आणि सपाट तोंडाची शिशाची गोळी वापरली, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. ज्यांना पैशाची अडचण नव्हती आणि जिंकायचेच होते, त्यांनी घोडा चढवण्याचे काम बोटाकडून काढून अंगठ्याकडे दिले, आणि मग मूठ, खाच आणि गोळी यांवर मेहनत घेतली. सर्वसाधारण नागाँच्या मालकाला यातले पहिले काम फुकट करता येते. अधिकाऱ्यांच्या नमुन्यातही अंगठ्याने घोडा चढवता येतोच, आणि मग चापाला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो.

तरी तो कमी झालेला जोरही तीन-चार किलोंचा असतो, हे विसरून चालणार नाही. तुलनेसाठी स्पर्धेतला चाप पाहा. राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाजाने २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात चापाला किमान एक किलोचा ताण असावा असा नियम आहे, म्हणजे तपासणीच्या वेळी एक किलोचे वजन चापाने पेलले पाहिजे. खेळाडू त्या मर्यादेच्या जवळच राहतात. इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते, जी हौशी सुधारकांच्या सहसा लक्षात येत नाही. नियम कमाल मर्यादेचा नाही, किमान मर्यादेचा आहे. अतिहलका चाप सुरक्षित नाही हे स्पर्धेच्या आयोजकांनाही पटलेले आहे, आणि हा नियम ज्यांच्यासाठी आहे ते खेळाडू वर्षानुवर्षे रोज सराव करणारे असतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: स्प्रिंग थोडी कमजोर केली तर काय बिघडते? आधुनिक रिव्हॉल्व्हरांत हलक्या स्प्रिंगा सर्रास बसवतात. तिथे घोड्याची स्प्रिंग आणि चाप परतवणारी स्प्रिंग बहुधा वेगळ्या असतात, त्यामुळे एकीला हात लावला तरी दुसरी आपले काम करत राहते. नागाँमध्ये एकच स्प्रिंग दोन्ही धनी सांभाळते. ती घासून बारीक केली तर घोड्याचा ठोका कमजोर पडतो आणि लष्करी काडतुसाच्या बुडाशी असलेली, बार पेटवणारी जाड टोपी फुटत नाही. गोळी न उडणे हे त्यातले किरकोळ दुखणे. वाईट प्रकार म्हणजे टोपी उशिरा पेटणे. चाप दाबला, काही झाले नाही, माणसाने हत्यार वळवून पाहिले, आणि मग बार उडाला. कुठल्याही रेंजवर न उडालेल्या काडतुसानंतर हत्यार लक्ष्याकडेच धरून थांबायला सांगतात ते याचसाठी. शिवाय घासलेल्या स्प्रिंगचे पोलाद ओरखड्याच्या जागी तडकते, आणि जुन्या स्प्रिंगला किती आयुष्य उरले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. एवढे सगळे पत्करून मिळते काय? जोर थोडा कमी होतो, पण सिलिंडर पुढे रेटायला आणि ठोकळा झुकवायला लागणारा वाटा तसाच राहतो. कमाई लहान आणि जोखीम मोठी, असा हा सौदा आहे.

घासकाम करून भाग गुळगुळीत करण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिला सरसकट नावे ठेवणे अन्याय होईल. चाप जड असणे आणि खरखरीत असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. युद्धाच्या घाईत, विशेषतः १९४२ नंतर रशियातल्या इझेव्हस्क शहरात बनलेल्या नगांवर आतल्या भागांत यंत्राच्या खुणा तशाच राहिलेल्या दिसतात. त्या ठिकाणी भाग एकमेकांवर घासताना चाप मध्येच अडखळतो, आणि अडखळणारा चाप हा नुसत्या जड चापापेक्षा वाईट, कारण अडखळ सुटताच हातही उडी मारतो. जाणत्या शस्त्रकारागिराने या घासणाऱ्या बाजू हलकेच तकतकीत केल्या तर चाप तेवढाच जड राहूनही अधिक सुसह्य होतो. धोका सुरू होतो तो घोड्याच्या खाचेपाशी, जिथे चापाचे टोक अडकून घोड्याला धरून ठेवते. या खाचेचा कोन अंशाच्या हिशेबात ठरलेला असतो आणि वरचे पोलाद पातळ थरापुरते कठीण केलेले असते. कागद फिरवून तो थर उडवला तर आज छान वाटणारा चाप काही दिवसांनी झिजतो आणि चढवलेला घोडा धक्क्यानेही सुटू शकतो. नागाँवर हाताने लावायची सुरक्षेची वेगळी कळ नाही. घोडा चढवल्यावर माणूस आणि अपघात यांच्यात ती खाच एवढीच असते. म्हणून हे काम त्या धंद्यातल्या माणसाचेच. भारतात तर हा प्रश्न निवडीचा उरतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती, चाचणी किंवा त्यात बदल करणे गुन्हा आहे. स्वतःच्या हत्याराचा परवाना असला म्हणून त्याचे पोलाद घासायचा परवाना मिळत नाही.

मग पोलादाला हात न लावता काय करता येते? पुष्कळ, आणि त्यातले पहिले काम सर्वांत कंटाळवाणे आहे. सोव्हिएत कोठारांत साठवण्याआधी ही रिव्हॉल्व्हरे खोलून, दुरुस्त करून, नव्याने काळी करून, घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली असत. दशकानुदशके पडून ते ग्रीस आतल्या सांध्यांत चिकट रबरासारखे बसते. सिलिंडर पुढे सरकताना, सरकपट्टी वर चढताना बोटाला जो विरोध होतो त्यातला काही भाग रचनेचा नसून निव्वळ या चिकट्याचा असतो. बाजूची पट्टी उघडून तो पूर्ण धुऊन काढला आणि पातळ तेलाचा हात दिला, की चाप किती जड आहे याचा खरा अंदाज येतो. कोठारातल्या दुरुस्तीत वेगवेगळ्या नगांचे भाग एकत्र आलेले असतात, त्यामुळे एका नागाँचा चाप दुसऱ्यासारखा नसतो. विकत घेताना चार नगांचे चाप ओढून पाहणारा ग्राहक पुढची बरीच मेहनत वाचवतो.

दुसरे काम काडतुसाचे, आणि माझ्या मते नेमाचा सर्वांत मोठा वाटा इथे आहे. नागाँचे मूळ काडतूस महाग आणि विरळ म्हणून लोक त्यात ‘.३२’ वर्गातली इतर काडतुसे भरतात. ती सिलिंडरमध्ये बसतात, उडतात, आणि स्वस्तही पडतात. पण त्यांचे आवरण आखूड असल्यामुळे ते नळीपर्यंत पोचत नाही. सांधा बंद होत नाही, गोळी सिलिंडरच्या मोकळ्या भागातून उडी घेत नळीत शिरते, आणि मोठ्या भोकात सैल बसलेले पितळ फुगते, कधी फाटतेही. म्हणजे ज्या जुळणीसाठी एवढा जड चाप सोसला तीच जुळणी हा माणूस स्वस्त काडतुसापायी सोडून देतो, आणि नंतर चापाला दोष देतो. सर्बियाच्या प्रवी पार्टिझान आणि इटलीच्या फिओकी यांनी नागाँची काडतुसे बनवली आहेत; गोळ्या स्वतः भरणारे लोक त्यांचे रिकामे पितळ जपून ठेवतात. गोळीचा व्यास हा त्यातला सूक्ष्म भाग. नळीतले आटे नेमके किती खोल आहेत हे प्रत्येक नगात थोडे बदलते. मऊ शिशाची एक गोळी नळीतून हळूच ठोकत बाहेर काढली आणि मायक्रोमीटरने मोजली, की खरा व्यास कळतो. शिशाची गोळी त्याहून किंचित मोठी असावी. लहान असली तर ती आट्यांना धरत नाही, तिच्या कडेने वायू निसटतो आणि नळीत शिशाची पुटे चढतात. शिकंज्यातल्या वर्तुळावर खरोखर परिणाम करणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि हिला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

राहिली माशी, मूठ आणि माणूस. नागाँची मागची खाच रिव्हॉल्व्हरच्या साच्यातच कापलेली असते, ती हलत नाही. त्यामुळे गोळ्या सतत एकाच बाजूला किंवा खाली पडत असतील तर आधी काडतूस ठरवावे आणि मगच माशीचा विचार करावा. हलकी गोळी आणि जड गोळी वेगवेगळ्या उंचीवर लागतात, आणि काडतूस रोज बदलणाऱ्याला माशी कधीच बरोबर करता येत नाही. माशी घासताना उलटा हिशेब लक्षात ठेवायचा असतो: ती कमी केली की गोळी वर जाते, आणि जास्त घासलेले परत लावता येत नाही. मुठीचा आकार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या सैनिकासाठी आखलेला, बारीक आणि पुढून मोकळा. मोठ्या हाताच्या माणसाचे बोट चापावर पहिल्या पेराच्याही पुढे जाते आणि जोर तिरका लागतो. तोझच्या आराखडाकारांनी लाकडाची मूठ कोरली ती उगाच नाही. जाड मूठ लावल्याने चाप एक ग्रॅमही हलका होत नाही, तरी वर्तुळ लहान होते. आणि सरावाचे म्हणाल तर सिलिंडरमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन बनावट काडतुसे मिसळून ती कुठे आहेत हे न पाहता चाप दाबायचा. बनावट काडतुसावर घोडा आपटला आणि तरी नळी खाली झुकली, तर ती झुकवणारा धक्का काडतुसाचा नव्हता हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. जड चाप इथे चक्क उपयोगी ठरतो. हलक्या चापावर जी चूक लपून जाते ती दहा किलोंच्या चापावर लपत नाही.

शेवटचा आक्षेप असा की एवढी खटपट करण्यापेक्षा चार पैसे जास्त टाकून चांगले रिव्हॉल्व्हरच का घेऊ नये? ज्याला स्पर्धा जिंकायची आहे त्याने तसेच करावे, यात वाद नाही. पण मग त्याने नागाँला कानसही लावू नये. कोठारांतला साठा आटत गेला तसा अमेरिकेत या रिव्हॉल्व्हरचा भाव शंभर डॉलरवरून कित्येक पट चढला, आणि झार काळातल्या, शिपायांच्या नमुन्यातल्या, सगळ्या भागांवर एकच क्रमांक असलेल्या नगांना संग्राहक वेगळीच किंमत देतात. अशा नगाचा घोडा घासलेला निघाला तर ते तो बाजूला ठेवून पुढचा नग पाहतात. साफ केलेले ग्रीस, बदललेली मूठ आणि काळजीने निवडलेले काडतूस यांपैकी कशाचीच खूण पोलादावर राहत नाही; जुनी मूठ परत बसवली की रिव्हॉल्व्हर हाती आले होते तसेच्या तसे विकता येते.